न्यूरोडायव्हर्जंट विद्यार्थी आणि योगाभ्यास
स्वमग्नता, एडीएचडी इत्यादी वेगळी मज्जासंस्थात्मक जडणघडण असलेल्या व्यक्तींना ‘न्यूरोडायव्हर्जंट’ म्हटले जाते. संवेदनांना मिळणारा अतितीव्र वा अतिमंद प्रतिसाद २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये स्वमग्नतेच्या निदान-निकषांत समाविष्ट झाला. ही बाब लक्षात घेता, डोळे मिटण्याची सक्ती, अनपेक्षित स्पर्श, सामूहिक ओंकाराचा नाद किंवा दीर्घ शवासन यांतून अशा विद्यार्थ्यास शांततेऐवजी अस्वस्थता येऊ शकते. त्याची चुळबुळ ही बेशिस्त नव्हे. पतंजलींनी आसनाची स्थैर्य व सुख अशी दोन लक्षणे सांगितली आहेत. सुख वगळून केवळ स्थैर्याचा आग्रह धरणे शास्त्रास धरून नाही. म्हणून आसनांचा क्रम आधी फळ्यावर लिहावा, स्पर्शापूर्वी अनुमती घ्यावी, तसेच डोळे उघडे ठेवण्याची व मध्येच थांबण्याची मुभा द्यावी. विद्यार्थ्यास बदलणे नव्हे, तर अभ्यास त्यास सुसह्य करणे हे अध्यापकाचे कर्तव्य होय.