दीर्घिकेच्या फोटोतला रंग खरा की भरलेला?

त्र्यंबकेश्वर : निळ्या-गुलाबी भोवऱ्यासारख्या दीर्घिकेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला की दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘काय सुंदर आहे बघा!’ दुसरा म्हणतो, ‘सगळं कॉम्प्युटरवर रंगवलेलं असतं.’ रंग कॉम्प्युटरवर तयार होतो, हे खरं आहे. पण चांगल्या फोटोत तो मनाने भरलेला नसतो, मोजून आणलेला असतो.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची वस्ती. आपली ती आकाशगंगा. शेजारची मोठी दीर्घिका म्हणजे देवयानी, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर. कार्तिकात रात्री नऊच्या सुमारास ती जवळपास डोक्यावर, थोडी उत्तरेकडे येते. चंद्र नसेल तर हरसूलकडच्या अंधाऱ्या पाड्यांवरून ती नुसत्या डोळ्यांनी धुरकट ठिपक्यासारखी दिसते. रंग मात्र दिसत नाही. डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशींना भरपूर उजेड लागतो. अंधारात लाल लुगडंही काळपट दिसतं, तसंच हे.

कॅमेरा मिनिटं, तास प्रकाश साठवू शकतो. मात्र त्याच्या सेन्सरला फक्त उजेड किती तेवढंच कळतं, रंग कळत नाही. म्हणून आपल्या मोबाइलच्या सेन्सरवर दर चार बिंदूंमागे दोन हिरव्या, एक लाल आणि एक निळी अशा बारीक काचा बसवलेल्या असतात. दुर्बिणीवाले बऱ्याचदा कृष्णधवल कॅमेरा वापरतात आणि त्याच्यापुढे लाल, हिरवा, निळा असे फिल्टर एकामागून एक लावतात. प्रत्येक फिल्टरमधून अनेक फोटो काढून ते एकावर एक रचतात, म्हणजे खरखर कमी होते. मग तिन्ही थरांना आपापला रंग दिला की रंगीत चित्र उभं राहतं.

खरी कसरत इथून पुढे. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली साडीचा रंग कळत नाही, म्हणून बायका ती बाहेर उन्हात नेऊन बघतात. फोटोतही तसंच करावं लागतं. कॅमेरा निळा रंग कमी पकडतो, वातावरणही निळा प्रकाश विखुरतं आणि शहराच्या दिव्यांची पिवळट झाक त्यात मिसळते. त्र्यंबकहून नाशिक ३० किलोमीटरच्या आत आहे. पूर्वेच्या आकाशातली ती उजळी साध्या डोळ्यांनाही दिसते. ती झाक आधी वजा करायची. मग फोटोतला सूर्यासारखा एखादा तारा पांढरा धरून बाकीचे रंग त्याच्या हिशेबाने लावायचे. हिरवी छटा उरली तर बहुतेक वेळा काढून टाकतात, कारण हिरवा दिसेल असा ताराच नसतो.

शेवटी अंधुक भाग उजळतात. इथे हात सैल सोडला की मधला गाभा पांढराफटक होतो आणि त्यातला रंग कायमचा जातो. रंग जास्त गडद केला तर दीर्घिका लग्नाच्या मांडवासारखी दिसते. असे फोटो लाइक खूप मिळवतात, पण त्यातून कळत काही नाही.

रंग नीट असेल तर फोटो वाचता येतो. पिवळसर गाभा म्हणजे म्हातारे तारे. निळे फाटे म्हणजे तरुण, अतितप्त तारे. गुलाबी ठिपके म्हणजे हायड्रोजन वायूचे ढग, तिथे नवे तारे जन्मतात. तपकिरी रेघा धुळीच्या. रंग चुकला तर दीर्घिकेचं वयच चुकीचं वाचलं जातं.

काही फोटोंत मात्र डोळ्याला न दिसणारा प्रकाश असतो. पुण्याच्या एनसीआरए या संस्थेतले राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी शोधलेली ‘अलकनंदा’ दीर्घिका २०२५ मध्ये जाहीर झाली. तिचा प्रकाश निघून सुमारे १२०० कोटी वर्षं झाली. ती जेम्स वेब दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात टिपली. इथे खरा रंग दाखवायचा म्हटलं तर काहीच दिसणार नाही. म्हणून वेबच्या चित्रांत साधारणपणे सर्वांत लांब लहरींना लाल आणि सर्वांत आखूड लहरींना निळा रंग देतात. क्रम पाळला जातो, त्यामुळे माहिती बिघडत नाही. उपग्रहाच्या पीक-नकाशातही हेच चालतं : निरोगी पीक अवरक्त प्रकाश जोरात परावर्तित करतं, म्हणून त्या चित्रात हिरवंगार शेत लालभडक दिसतं. ते बघून पीक जळालं असं कुणी म्हणत नाही.

फॉरवर्ड आलेला फोटो तपासायचा असेल तर खाली दीर्घिकेचं नाव, दुर्बीण आणि फिल्टर लिहिलेत का ते बघा. नासा, युरोपीय अवकाश संस्था आणि चांगले हौशी लोकही ही माहिती देतात. नुसतंच ‘अद्भुत ब्रह्मांड’ लिहिलेलं असेल तर तो एआयने बनवलेला असू शकतो.

स्वतः करून बघायचं असेल तर मोबाइल तिपाईवर घट्ट बसवून नाइट मोडमध्ये देवयानीचा छोटा धूसर ठिपका मिळतो. कॅमेरा असेल तर बरेच फोटो काढून ते सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रचता येतात. अमावस्येच्या आसपासच्या रात्री धरा, आणि वाडीतला हॅलोजन तेवढा वेळ बंद ठेवा.