गिऱ्हाइकाला दुकान सापडावे म्हणून : चिखली तालुक्यातील लघुउद्योजक आणि इंटरनेट

माल चांगला असला म्हणजे तो आपोआप खपतो, ही समजूत सर्वस्वी खरी नाही. माल कोठे मिळतो हे गिऱ्हाइकाला कळले तरच तो खपतो. पूर्वी हे काम दवंडी, आठवडी बाजार, यात्रा आणि ओळखीच्या माणसांचे बोलणे यांनी होत असे. ही साधने आजही आहेत. परंतु आजचे गिऱ्हाईक कोणाला विचारण्यापूर्वी हातातील मोबाइलला विचारते. गूगलवर २०१७ सालापासून मराठीत बोलूनही शोध घेता येतो. त्यामुळे ज्याला टंकलेखन येत नाही असा मनुष्यही "जवळचा तेलघाणा कोठे आहे?" असा प्रश्न मोबाइलला करू शकतो. त्याच्या उत्तरात आपल्या घाण्याचे नाव नसेल, तर त्या गिऱ्हाइकापुरता आपला घाणा अस्तित्वातच नाही असे समजावे.

हा प्रश्न जाहिरातीच्या हौसेचा नसून उत्पन्नाचा आहे

चिखली तालुक्यात सोयाबीन, तूर, हरभरा व कापूस ही प्रमुख पिके होत. या मालावर गावातच प्रक्रिया करणारे लहान उद्योग अनेक प्रकारचे असू शकतात. डाळ गिरणी, लाकडी घाणा, बचत गटांचे पापड-मसाले, रोपवाटिका, अवजारांची दुरुस्ती व मळणीयंत्र भाड्याने देणे हे त्यांपैकी काही होत. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी दाल मिल विदर्भात सुपरिचित आहे.

उदाहरणादाखल तुरीचा विचार करू. शंभर किलो तुरीपासून साधारणतः सत्तर किलोंच्या आसपास डाळ मिळते व बाकीची चुनी-कोंडा गुरांच्या उपयोगी पडतो. परंतु वीज, मजुरी, पोती व घट यांचा खर्च डाळीच्या किमतीतूनच निघावा लागतो. ही डाळ थेट घरगुती गिऱ्हाइकाला गेली तर तो खर्च निघून काही शिल्लक राहते. तीच डाळ घाऊक दराने एकाच व्यापाऱ्याला द्यावी लागली, तर पुष्कळदा तूर तशीच विकली असती तर बरे झाले असते असे म्हणण्याची पाळी येते. कर्ज काढून बसविलेले यंत्र गिऱ्हाइकाअभावी बंद पडणे हे कोणत्याही कुटुंबाला परवडणारे नाही. म्हणून यंत्र बसविताना जितका विचार केला जातो, तितकाच गिऱ्हाईक मिळविण्याचाही केला पाहिजे.

येथे एक मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. जो शेतकरी कच्चे सोयाबीन किंवा कापूस विकतो, त्याला पुढील सूचनांचा फारसा उपयोग नाही. त्याच्यासाठी बाजार समिती व १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेली ई-नाम ही राष्ट्रीय बाजार व्यवस्था हेच योग्य मार्ग होत. प्रस्तुत सूचना किरकोळ गिऱ्हाइकाला माल किंवा सेवा देणाऱ्यांसाठी आहेत.

चिखली कोणती?

चिखलीच्या उद्योजकापुढे एक विशेष अडचण आहे. चिखली या नावाची गावे अनेक आहेत. पिंपरी-चिंचवड शहरात चिखली आहे. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली आहे. गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ चिखली आहे. गुजरातेत नवसारी जिल्ह्यात चिखली हा तालुका आहे. "चिखली येथे शुद्ध करडई तेल मिळेल" एवढेच लिहिले, तर पुण्याकडील वाचक ते आपल्या जवळचे समजतो व बुलढाण्याकडील वाचकापर्यंत ते पोहोचतेच असे नाही.

भरीला शुद्धलेखनाची अडचण आहे. रोमन लिपीत चिखलीचे स्पेलिंग दोन-तीन प्रकारांनी केले जाते, आणि जिल्ह्याचे नाव देवनागरीतसुद्धा बुलढाणा व बुलडाणा असे दोन्ही तऱ्हांनी लिहिले जाते. यावर उपाय सोपा आहे. जेथे जेथे आपला पत्ता द्यावयाचा, तेथे गाव, तालुका, जिल्हा व पिनकोड ही चारही अंगे पूर्ण द्यावीत. चिखली शहराचा पिनकोड ४४३२०१ आहे. खेड्यातील उद्योजकाने आपल्या टपाल कचेरीचा पिनकोड विचारून घ्यावा. दुकानाचे नाव, दूरध्वनी क्रमांक व पत्ता सर्व ठिकाणी एकसारखा लिहावा. एका ठिकाणी "तेल घाणा" व दुसऱ्या ठिकाणी "ऑइल मिल" असे करू नये. वर्णनात मात्र जिल्ह्याच्या नावाची दोन्ही रूपे येऊ द्यावीत.

आधी घर आवरावे

पाहुणे बोलाविण्यापूर्वी घर आवरावे लागते, तसेच येथेही आहे. खाद्यपदार्थ विकणाऱ्याने अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना घेऊन त्याचा चौदा अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा. वेष्टनावर निव्वळ वजन, किंमत, उत्पादनाची तारीख व उत्पादकाचा पत्ता असावा. १ जुलै २०२० पासून सुरू असलेली उद्यम नोंदणी विनामूल्य आहे; तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत. तसेच महिन्याला किती माल देता येईल याचा हिशेब आधी करावा. मागणी आल्यावर माल नाही असे दोनदा सांगावे लागले, तर तिसऱ्यांदा ते गिऱ्हाईक विचारीत नाही.

नकाशावरील नोंद

सर्वांत प्रथम करावयाची गोष्ट म्हणजे गूगलच्या नकाशावर आपल्या उद्योगाची नोंद. ही नोंद विनामूल्य आहे. तिच्या पायऱ्या येणेप्रमाणे आहेत :

१. उद्योगासाठी स्वतंत्र ईमेल खाते उघडावे. ते मालकाच्या किंवा गटाच्या नावे असावे. संगणक केंद्र चालविणाऱ्याच्या नावे असू नये. बचत गटाने खात्याची माहिती अध्यक्ष व सचिव या दोघींकडे ठेवावी.

२. फलकावर असेल तेच नाव लिहावे. नावापुढे "सर्वोत्तम", "स्वस्त", "चिखली-बुलढाणा" असे शब्द जोडण्याचा सल्ला काही लोक देतात. हे नियमाविरुद्ध असून त्यामुळे नोंद स्थगित होऊ शकते. असे शब्द वर्णनात घालावेत. वर्णनास ७५० अक्षरांची मर्यादा आहे.

३. खेड्यात रस्त्याचे नाव किंवा घरक्रमांक नसतो. अशा वेळी फाटकाशी उभे राहून मोबाइलवर नेमकी जागा दाखवावी. प्लस कोड नावाचा लहानसा सांकेतिक पत्ता नकाशावर प्रत्येक जागेला असतो. शेतातील रोपवाटिकेसाठी तो गट क्रमांकापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

४. जो उद्योग गिऱ्हाइकाच्या दारी जाऊन सेवा देतो, त्याने आपला पत्ता न दाखविता सेवेची गावे दाखवावीत. मळणीयंत्र भाड्याने देणाऱ्याला हे सोयीचे आहे. घरी पापड-कुरडया करून पोहोचविणाऱ्या भगिनींनी तर घराचा पत्ता व घरगुती दूरध्वनी क्रमांक प्रसिद्ध न करता व्यवसायासाठी निराळा क्रमांक वापरावा, हे अधिक सुरक्षित होय.

५. नोंदीची खातरजमा पुष्कळदा चलच्चित्राने होते. त्यात परिसर, फलक व मालकाचा ताबा दर्शविणारी कृती, उदाहरणार्थ कुलूप उघडणे, दाखवावी लागते. म्हणून कायमस्वरूपी फलक आधी लावावा.

शोधाच्या उत्तरात कोणते दुकान वर यावे हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : विचारलेल्या वस्तूशी दुकानाचा संबंध, विचारणाऱ्यापासूनचे अंतर आणि दुकानाची प्रसिद्धी. अंतर आपल्या हाती नाही. उरलेल्या दोन गोष्टी हाती आहेत. पैसे देऊन नकाशावरील हा क्रम बदलून मिळत नाही, हे नीट लक्षात ठेवावे.

गिऱ्हाइकाचे शब्द वापरावेत

उत्पादक आपल्या मालाला एका नावाने ओळखतो व गिऱ्हाईक दुसऱ्या नावाने विचारते. घाणेवाला "शीत दाबाचे खाद्यतेल" असे लिहितो, परंतु गृहिणी "लाकडी घाण्याचे तेल" असे म्हणते. रोपवाटिकेचा मालक "भाजीपाला रोपनिर्मिती" म्हणतो, शेतकरी "मिरचीची रोपे" विचारतो. म्हणून आठवडाभर गिऱ्हाइकांच्या तोंडचे शब्द कागदावर टिपावेत व तेच वर्णनात वापरावेत. मराठी, हिंदी व रोमन लिपीतील नाव, तिन्ही दिल्यास उत्तम.

छायाचित्रे आपल्याच दुकानाची असावीत. रस्त्यावरून दिसणारा फलक, घाण्यातून पडणारे तेल, वेष्टनाची पुढची व मागची बाजू, अशी सकाळच्या उजेडात काढलेली पाच-सहा साधी छायाचित्रे पुरतात. दुसऱ्याची चित्रे उचलून लावल्यास गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो. उघडण्या-मिटण्याची वेळ खरी असावी. वीस किलोमीटरांवरून आलेल्या मनुष्यास दार बंद दिसले, तर तो परत येत नाही आणि इतरांनाही सांगतो.

अभिप्रायांचे महत्त्व

समाधानी गिऱ्हाइकाला दोन ओळींचा अभिप्राय लिहिण्याची विनंती करण्यास हरकत नाही. मात्र अभिप्रायाच्या बदल्यात तेलाची बाटली किंवा सूट देणे नियमबाह्य आहे, आणि नातेवाइकांकडून खोटी स्तुती लिहवून घेणे हीसुद्धा फसवणूकच होय. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले आहे, यावरून या विषयाचे गांभीर्य ध्यानात येईल. तक्रार आल्यास वाद न घालता उत्तर द्यावे. "डाळीत खडे निघाले" असे कोणी लिहिले, तर चूक मान्य करून माल बदलून द्यावा व तसे तेथेच नमूद करावे. तक्रारीचे उत्तर तक्रारदारापेक्षा इतर गिऱ्हाइकेच अधिक लक्षपूर्वक वाचतात.

व्हॉट्सॲप, संकेतस्थळ व इतर साधने

२०१८ साली सुरू झालेले व्हॉट्सॲप बिझनेस हे लहान विक्रेत्यास पुरेसे साधन आहे. त्यात वस्तूंची सचित्र यादी, किंमत, वेळ व पत्ता देता येतो. ज्यांनी माल घेतला आहे त्यांच्या संमतीने त्यांना हंगामात एखादा संदेश पाठवावा. रोज सुप्रभाताचे संदेश पाठविणाऱ्याचा क्रमांक लोक बंद करतात, हे विसरू नये.

स्वतःचे संकेतस्थळ हे दुसऱ्या टप्प्याचे काम आहे व ते एकट्यापेक्षा गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने करणे परवडते. ऑगस्ट २०१४ पासून .भारत या अंत्यपदासह देवनागरीतही संकेतस्थळाचे नाव घेता येते. नाव संस्थेच्याच नावे नोंदवावे व दरवर्षी नूतनीकरणाची तारीख वहीत लिहून ठेवावी. नाव कारागिराच्या मालकीचे राहिल्यास पुढे संस्थेला स्वतःचे नाव विकत घ्यावे लागते. दुसऱ्याच्या जागेवर सर्व भिस्त ठेवणेही धोक्याचे आहे. गूगलच्या नोंदीबरोबर विनामूल्य मिळणारी साधी संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आली व ज्यांच्याजवळ तेवढीच होती त्यांना पुन्हा आरंभ करावा लागला.

ई-व्यापारी मंचावर माल ठेवण्याचा विचार असल्यास कराचे नियम आधी समजून घ्यावेत. उलाढाल मर्यादेच्या आत असलेल्या व जीएसटी नोंदणी नसलेल्या विक्रेत्यालाही १ ऑक्टोबर २०२३ पासून, विहित नावनोंदणी करून, राज्यांतर्गत अशी विक्री करता येते. मंचाचे शुल्क, वाहतूक व परत आलेला माल यांचा हिशेब करूनच पाऊल टाकावे.

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये मुंबईपासून नागपूरपर्यंत पूर्ण खुला झाला व तो मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा या शेजारच्या तालुक्यांतून जातो. लोणारचे सरोवर व सिंदखेडराजा येथील जिजाऊंचे जन्मस्थान पाहण्यास येणारा प्रवासी वाटेत काय मिळते ते नकाशावरच पाहतो. ही संधी नोंद असलेल्यालाच मिळेल.

फसवणुकीपासून सावध

"तुमचे दुकान पहिल्या क्रमांकावर आणून देतो, दहा हजार रुपये भरा" असे दूरध्वनी येऊ लागतात. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. नोंद चालू ठेवण्यासाठी पैसे मागणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, आणि मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक कोणालाही सांगू नये. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा गुप्त क्रमांक कधीही टाकावा लागत नाही. तो फक्त पैसे देण्यासाठी लागतो. मोठ्या मागणीचे आमिष दाखवून गिऱ्हाइकानेच एखादा चौकोनी कोड पाठविल्यास तो वापरू नये. फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

नोंदवही आणि कार्यकर्त्यांचे काम

नवे वाण लावताना आपण आधी लहान तुकड्यावर चाचणी घेतो. येथेही तोच मार्ग अवलंबावा. विक्रीच्या वहीत एक रकाना वाढवून प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला "आमचे नाव कोठून कळले?" असे विचारावे व नकाशा, व्हॉट्सॲप, ओळख किंवा फलक यांपैकी काय ते लिहावे. एका वेळी एकच बदल करून तीन महिने वही पाहावी. ज्याचा उपयोग दिसत नाही, त्यावर वेळ व पैसा खर्च करू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या कार्यक्षेत्रातील प्रक्रिया उद्योग, रोपवाटिका व बचत गट यांची यादी करावी. गावसभेनंतर तासभर काढून त्यांची नोंद नकाशावर आहे काय, जागा बरोबर दाखविली आहे काय आणि दूरध्वनी चालू आहे काय, एवढे तरी मालकाबरोबर बसून पाहावे. नोंद मालकाच्याच हातून करवून घ्यावी. कार्यकर्त्याची बदली होते, घाणा मात्र गावातच राहतो. ज्यांच्याजवळ योग्य मोबाइल नाही त्यांना गावातील आपले सरकार सेवा केंद्राची किंवा शिकलेल्या मुलामुलींची मदत मिळवून द्यावी.

इंटरनेटवर नाव दिसल्याने गिऱ्हाईक एकदा येते. ते दुसऱ्यांदा येते ते वजन पुरे भरल्यामुळे, डाळ स्वच्छ असल्यामुळे आणि दिलेला शब्द पाळल्यामुळे. पहिले काम एका दुपारचे आहे व ते तुरीची नवी आवक सुरू होण्यापूर्वी उरकून घ्यावे. दुसरे काम वर्षभराचे आहे. दोन्हींची सांगड घालणाऱ्या उद्योजकाला आपल्या मालाची योग्य किंमत गावात राहूनच मिळविणे शक्य आहे.