पेव वाळलं म्हणजे मेलं नाही!

आज बोलूया पेवबद्दल. आपल्या कोकणातलंच, आल्यासारखं कंदातून उगवणारं झाड. पावसाळ्यात सहा-सात फूट वाढतं, म्हणून वाफ्यात मागच्या ओळीलाच लावा. मे अखेरीस कंद दोन इंच खोल, अर्ध्या सावलीत. पानं खोडाभोवती गोल जिन्यासारखी चढतात, ऑगस्टच्या आसपास लाल कणसावर पांढरी फुलं येतात.

मग हिवाळ्यात सगळं वाळतं आणि लोक कंदासकट उपटून टाकतात. रोडपालीत आमच्या सोसायटीच्या बागेत मी तिथे पाटीच लावतो: ‘उपटू नका!’ कारण फोन बंद नाही, स्लीप मोडवर आहे. वाळलेली खोडं कापा, पाणी थांबवा, नाहीतर कंद कुजतो. जूनमध्ये कोंब येतातच.

कंद नर्सरीतूनच घ्या. कर्नाळा अभयारण्य आहे, तिथून उपटायचं नाही!