वितळणारा महाल, न वितळणारी गोळी

नायगाव सोडून खाडीचे पूल ओलांडत चर्चगेटकडे निघालेल्या लोकलमध्ये एकेकाळी स्टेशनं वासावरूनही ओळखू यायची. विलेपार्ले जवळ आलं की खिडकीतून भाजल्या बिस्किटांचा गोड दरवळ आत शिरायचा. तिथल्या बिस्किटांच्या कारखान्यात काय चालतं ते बहुतेक प्रवाशांनी कधी पाहिलं नव्हतं, पण वासावरून अंदाज मात्र प्रत्येकाने बांधलेला.

रोआल्ड डाल यांच्या १९६४ साली आलेल्या ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’त गरीब चार्लीची गत अशीच आहे. विली वाँकाच्या कारखान्यावरून येता-जाता तो नुसता वास छातीत भरून घेतो. दारं बंद, कारण प्रतिस्पर्ध्यांनी हेर घुसवून वाँकाच्या पाककृती पळवलेल्या. डाल शाळेत असताना कॅडबरी कंपनी मुलांकडे नव्या चॉकलेटांची खोकी चाखायला पाठवत असे. त्या खोक्यांमुळे कंपनीत नवी चॉकलेटं शोधणारी खोली असणार, असं त्यांच्या डोक्यात बसलं. पुढे त्यातूनच हा कारखाना उभा राहिला.

याच पुस्तकात एक भारतीय राजपुत्र भेटतो. वाँका त्याला अख्खा चॉकलेटचा महाल बांधून देतो आणि लवकर खाऊन टाक म्हणून बजावतो. राजपुत्र ऐकत नाही. कडक ऊन पडतं आणि महालाचं पाणी होतं. राजा मंगळवेढेकरांच्या गाण्यातला चॉकलेटचा बंगला मराठी मुलांच्या मनात पक्का उभा आहे, पण प्रत्यक्षात त्याचीही तीच गत झाली असती. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं. आपल्याकडचा मे महिना त्याला कुठून सोसणार?

म्हणून आपल्या दुकानांतल्या बरण्यांवर राज्य केलं ते साखरेच्या गोळीने. तिची करणी वाँकाला शोभेल अशीच. साखर आणि ग्लुकोजचा पाक सुमारे १५० अंशांपर्यंत उकळतात. पाणी जवळजवळ सगळं उडून जातं. ग्लुकोजमुळे साखरेचे पुन्हा खडे होत नाहीत. पाक जरा निवला की मग रंग, आंबटपणा आणि स्वाद घालतात, नाहीतर उष्णतेने स्वाद उडतो. कणकेसारखा मऊ गोळा मळून त्याची लांब दोरी ओढतात आणि साच्यात दाबून गोळ्या पाडतात. हाच गोळा पुन्हा पुन्हा ताणला तर त्यात हवा शिरते आणि पारदर्शक पाक रेशमासारखा पांढरट दिसू लागतो. थंड झालेली गोळी म्हणजे शास्त्राच्या भाषेत साखरेची काचच. उन्हाला ती दाद देत नाही, दमटपणापुढे मात्र हरते. नायगावसारख्या खाडीकाठच्या गावात पावसाळ्यात उघडी राहिलेली गोळी हवेतलं पाणी ओढून चिकट होते. प्रत्येक गोळीला वेगळा कागद लागतो तो यासाठी.

पार्ल्याच्या कारखान्याची सुरुवातही गोळ्यांनीच झाली. मोहनलाल दयाळ चौहान यांनी १९२९ साली जर्मनीहून यंत्रं आणून तो सुरू केला. बिस्किटं आली त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, आणि त्यांनी गोळ्यांची कीर्ती झाकून टाकली. २०१६ साली हा जुना कारखाना बंद झाला.

नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं रावळगाव तर गोळीच्या कागदावरून घरोघरी पोचलं. वालचंद हिराचंद यांनी तिथे १९३३ साली साखर कारखाना काढला आणि १९४०च्या दशकात गोळ्यांचं उत्पादन सुरू झालं. भोवती ऊस, मध्ये साखर आणि तिथेच गोळी! ‘पान पसंद’, ‘मँगो मूड’ ही नावं पिढ्यांच्या जिभेवर आहेत.

फेब्रुवारी २०२४मध्ये हा गोळ्यांचा व्यवसाय रिलायन्स समूहाकडे गेला. २७ कोटी रुपयांच्या त्या व्यवहारात नव्या मालकाने विकत घेतलं ते मुख्यतः व्यापारचिन्हं आणि पाककृती. वाँकाने ज्यांच्यासाठी फाटकाला कुलूप ठोकलं होतं, त्याच पाककृतींचा इथे रीतसर करार होऊन सौदा झाला.