होडी विकायची, पण कितीला?

सोन्याचा भाव रोज पेपरात येतो. जमिनीला सरकारी रेडी रेकनर असतो, जुन्या स्कूटरचा अंदाज नाक्यावरचा मेकॅनिकसुद्धा देतो. पण बंदरावर ओढून ठेवलेल्या जुन्या लाकडी होडीची किंमत विचारा, दहा जण दहा आकडे सांगतील. त्यातून ती होडी नुकतीच दुरुस्त करून, रंगवून उभी असेल तर बघायलाच नको! मालक म्हणतो, अगदी नवीन झालीय. गिऱ्हाईक म्हणतं, जुन्यालाच रंग फासलाय. दोघांचंही थोडं थोडं खरं असतं.

आणि ही होडी विकायची वेळ बाईवर आली तर? समुद्रावर पुरुष जातात, मासळी बायका विकतात, होडीच्या कर्जापायी दागिने गहाण पडतात तेही बायकांचेच. पण होडीच्या सौद्याला बाई बसलेली मी फार कमी वेळा पाहिली आहे.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या बंदरावर एका वहिनींवर मध्यंतरी ही वेळ आली. मालकांची बत्तीस फुटी सागवानी होडी, दोन सिलिंडरचं इंजिन. मूळची १९९१ सालची. मालकांनी दोन पावसाळे खपून ती पुन्हा उभी केली, आणि त्यानंतर वर्षभरातच ते गेले. पदरी दोन मुली, एक बावीसची, एक एकोणीसची. घरात सासूबाई. माझं माहेर होडीवाल्यांचं, म्हणून वहिनी मालकांची हिशेबाची वही घेऊन माझ्याकडे आल्या.

"चार लाख साठ हजार नुसते घातलेत गं हिच्यात. पाच तरी यायला नकोत?" वहिनींचा प्रश्न.

दिरांचं म्हणणं वेगळंच. "लाकडी होडी आता कोण घेतो? सगळे फायबरच्या मागे. तीन लाखांत मी गिऱ्हाईक आणतो."

दोन्ही आकडे कुठून आले ते बघण्यासारखं होतं. वहिनींचा आकडा वहीतून आला होता. वहीत काय घातलं ते असतं, बाजार काय देईल ते नसतं. आपण घराला हौसेनं महागाची फरशी बसवली तरी घेणारा तेवढे पैसे मोजत नाही ना, तसंच. दिरांचा आकडा मात्र नुसता हवेतला होता.

आम्ही वहीतल्या खर्चाची तीन ढिगांत वाटणी केली. पहिल्या ढिगात होडीचं आयुष्य वाढवणारं काम. कुजलेल्या फळ्या काढून नवीन साग, आतली वाकडी लाकडं, सुतारांची मजुरी, हे अडीच लाख. शिवाय इंजिन उघडून केलेलं काम, पंच्याण्णव हजार. याचा बराचसा मोबदला मिळतो, कारण घेणाऱ्याचा पुढचा खर्च वाचतो. दुसऱ्या ढिगात दर वर्षी करावंच लागतं ते. फळ्यांच्या सांध्यात सूत ठोकून भरणं, वरून राळ-तेल, तळाचा रंग, खिळे, असे पासष्ट हजार. याचे पैसे वेगळे मागता येत नाहीत. सांधे भरलेली होडी असणारच, असं गिऱ्हाईक धरून चालतं. आणि तिसरा ढीग हौसेचा. पॉलिश केलेली केबिन, पितळेच्या कड्या, नाळेवरचं नक्षीकाम, दिवे, पन्नास हजार. ते बघून वहिनींचे डोळे भरून आले, पण मच्छीमार गिऱ्हाईक त्याला फार तर "छान आहे" म्हणणार.

आता भाव. त्यासाठी बंदरावर गेल्या हंगामात खरोखर विकल्या गेलेल्या होड्या शोधायच्या. मागितलेली किंमत धरायची नाही, हातात पडलेली धरायची. ही माहिती सोसायटीत मिळते, इंजिनवाल्या मेकॅनिककडे मिळते, पण सगळ्यात पक्की मिळाली ती लिलावाला बसणाऱ्या बायकांकडून. कुणी कितीला घेतली, रोख किती, उधार किती, कुणाचं मंगळसूत्र सुटलं, सगळं तोंडपाठ! त्यांच्याकडून तीन होड्या कळल्या. एक फायबरची, ती सोडून दिली. लाकडी होडीशी तिची तुलना होत नाही. दुसरीला मालक सहा लाख मागत होता, पण दोन वर्षं ती तशीच उभी, म्हणजे सहा हा तिचा भाव नव्हेच. तिसरी चौतीस फुटी लाकडी, चांगल्या स्थितीतली, पाच लाख चाळीस हजारांना गेलेली. मात्र त्यात जाळी धरलेली होती. इथेच पुष्कळ जणी फसतात. जाळी, इंजिन, जीपीएस, नांगर यातलं भावात काय धरलं आहे ते आधी विचारायचं. तिची जाळी साठ हजारांची, म्हणजे नुसती होडी चार लाख ऐंशी हजारांची.

आपली होडी दोन फुटांनी आखूड, पण इंजिन जास्त चांगलं, ते एकमेकांत फिटलं. पंख्याचा दांडा झिजलेला होता, तो बदलायला चाळीस हजार लागले असते. ते वजा केले. उरले चार लाख चाळीस हजार. वहिनींची स्वतःची जाळी वेगळी विकायची ठरली.

मग तळाचा आकडाही काढला. म्हणजे होडी कुणी घेतलीच नाही आणि मोडावी लागली तर? जुन्या सागाला फर्निचरवाले गिऱ्हाईक असतात. लाकूड नव्वद हजार, इंजिन एक लाख वीस हजार, पितळ-लोखंड पंचवीस हजार. एकूण दोन लाख पस्तीस हजार. दिरांचे तीन लाख हे मोडीच्या जरा वरचे होते, चालत्या होडीचे नव्हेत, हे वहिनींच्या तेव्हा लक्षात आलं. रागावल्या नाहीत, पण वही मिटून जरा वेळ गप्प बसल्या.

भाव काढला तरी होडी तपासून घेणारा माणूस येतोच, आणि यावाच. होडी पावसाळ्यात किनाऱ्यावर असते तेव्हाच खरी दिसते. जाणता सुतार छोटी हातोडी घेऊन फळ्या ठोकत जातो. टणक आवाज आला तर लाकूड निरोगी, बद्द आला तर आत कुजलेलं. मग तो टोच्या खुपसून बघतो. खिळ्यांच्या डोक्याभोवती तांबूस डाग असले की आतलं लोखंड गंजलं समजायचं. गंजलेला खिळा भोवतीचं लाकूडही खातो.

एक गोष्ट माझ्या वडिलांनी लहानपणी सांगितली होती, ती अजून पटते. लाकडाला खारं पाणी तितकं मारत नाही जितकं गोडं मारतं. पावसाचं पाणी आणि मासळीवरच्या बर्फाचं वितळलेलं पाणी, दोन्ही गोडी. म्हणून कूज लागते ती बहुधा मासळी ठेवायच्या खणाखाली, नाहीतर गळक्या केबिनच्या कोपऱ्यात. खाऱ्या पाण्यातला शत्रू वेगळा. लाकूड पोखरणारा एक जीव असतो, दिसायला अळीसारखा, पण कूळ शिंपल्याचं! बाहेरून टाचणीएवढं भोक आणि आत फळीची चाळण. त्यासाठीच आमच्याकडे तळाला माशाचं तेल, काजूच्या टरफलाचं तेल चोपडायचे.

ताजा रंग पाहून शहाणं गिऱ्हाईक उलट बिचकतं. रंगाखाली काय आहे कुणी सांगावं? इथे वहिनींच्या मोठ्या मुलीनं कमाल केली. बाबांनी काम चालू असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते. काढलेल्या कुजक्या फळ्या, उघडी पडलेली आतली लाकडं, नवीन साग बसताना. तिनं ते तारीखवार लावले आणि लाकडाच्या वखारीच्या पावत्यांसोबत एका फाइलमध्ये घातले. त्या फाइलनं गिऱ्हाइकाची निम्मी शंका तिथेच मिटली. दुरुस्तीची पावती टाकून देऊ नका, मैत्रिणींनो.

मध्येच एका रिसॉर्टवाल्याचा निरोप आला. पाच लाख! त्याला नक्षी फार आवडली होती. केरळात भात वाहणाऱ्या जुन्या केट्टुवळ्ळमची हाउसबोट झाली आणि त्यांना नवा भाव आला, ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं. हौसेच्या ढिगाला किंमत मिळते ती अशाच गिऱ्हाइकाकडून. पण बोलता बोलता कळलं की आता एक लाख आणि बाकीचे पर्यटनाच्या सीझननंतर. शिवाय मासेमारीच्या होडीतून माणसं फिरवता येत नाहीत. त्याला मेरिटाइम बोर्डाची वेगळी परवानगी लागते. ती मिळाली नाही तर उरलेल्या चार लाखांचं काय? वहिनींनी सरळ नाही सांगितलं. मला ते आवडलं.

वेळही बघावी लागते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. जूनमध्ये विकायला निघालेला माणूस गरजू समजला जातो. जुलै निम्मा झाला की घेणाऱ्याला घाई होते, हंगामाची पहिली मासळी त्याला चुकवायची नसते. वहिनी जूनभर थांबल्या. रोज सकाळी जाऊन ताडपत्री बाजूला करून होडीला वारा देऊन येत.

या थांबण्यात कागद झाले, आणि कागदांनीच दिरांचा प्रश्न सुटला. होडी नवऱ्याच्या कमाईची, नोंदणी त्यांच्याच नावावर, मृत्युपत्र नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार अशा वेळी पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई यांचा सारखा वाटा असतो. म्हणजे इथे चार वाटे. दिरांचा एकही नाही! (मुस्लिम कुटुंबात वाट्यांचे नियम वेगळे आहेत, तिथे वकिलांना विचारावं.) सासूबाई सहीला आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "माझ्या वाट्याचं पोरींच्या नावावर टाक."

वारसांची नोंद झाल्याशिवाय विक्री पुढे जात नाही. सोसायटीची बाकी नाही असा दाखला, बँकेचा बोजा उतरल्याचं पत्र, विमा, मासेमारीचा परवाना कोणत्या जाळ्यासाठी आहे, हे सगळं घेणारा बघतो. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात अतिरेक्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी नौका बळकावून वापरली होती. त्यानंतर समुद्रावर होडीचा नंबर आणि कागद काटेकोर तपासले जाऊ लागले. कागद अपुरे असले तर चांगल्या होडीचाही भाव पडतो.

शेवटी पलीकडच्या गावच्या एका नाखव्यानं चार लाख वीस हजारांपासून सुरुवात केली. वहिनींनी पाच मागितले नाहीत, चार लाख साठवर बसल्या आणि फाइल पुढे सरकवली. चार लाख पस्तीसला तुटलं. एक लाख इसार, बाकी चेकनं.

होडी मात्र चेक वटल्यावर दिली. करारात ताबा दिल्याची तारीख आणि वेळ दोन्ही लिहून घेतल्या, आणि नावबदलाचा अर्ज दोघांनी मिळून मत्स्यव्यवसाय कार्यालयात त्याच दिवशी दिला. नंबर आपल्या नावावर आणि होडी दुसऱ्याच्या हातात, असा एकही दिवस राहू द्यायचा नव्हता; त्या दिवशी समुद्रावर काही झालं तर पहिली विचारणा नोंद असलेल्या नावाकडे होते. सोसायटीची बाकी भागली, सावकाराकडच्या बांगड्या सुटल्या. धाकटीच्या नर्सिंगची दोन वर्षांची फी बाजूला ठेवून उरलेले पैसे पोस्टात गेले. जाळी अजून पडवीत आहे. तिला गिऱ्हाईक बघणं चालू आहे.