बैलाचा खांदा आणि भूतदया

भूतदयावादी मंडळींविषयी आम्हा शेतकऱ्यांत पुष्कळ गैरसमज आहे. शहरात राहून ही मंडळी आम्हांस बैल हाकण्यास शिकविणार, असे पारावर हमेशा ऐकू येते. प्रस्तुत लेखकही महसूल खात्यात कारकुनी करीत असता तसेच म्हणत असे.

या मंडळींत रुक्मिणीदेवी अरुंडेल अग्रणी होत्या. नृत्यकलेत त्यांची कीर्ती मोठी. १९५२ साली त्यांची राज्यसभेवर नेमणूक झाली. तेथे त्यांनी जनावरांच्या छळाविरुद्ध खाजगी विधेयक आणले, आणि पुढे १९६० साली सरकारनेच कायदा केला. त्यात बैल जुंपण्यास मनाई नाही. जखम किंवा व्याधी यांमुळे कामास नालायक झालेले जनावर जुंपणे, हा मात्र गुन्हा ठरविला आहे. १९६५ च्या नियमांत दिवसाकाठी नऊ तासांची व सलग पाच तासांची मर्यादा आहे. उष्मा ३७ अंशांवर जातो तेथे दुपारी बारा ते तीन जुंपू नये. अणकुचीदार आरेसही बंदी आहे. कायद्यात पहिल्या गुन्ह्यास दंड दहा ते पन्नास रुपये! तेव्हा दंडाच्या धाकाने काही होईल, ही आशा व्यर्थ होय.

आता खांदा का येतो ते पाहू. गाडी धुरजड भरली की जू मानेवर दाबते; उलाळ झाली की गळ्याखालचा पट्टा आवळतो. जोडीत एक बैल उंच व दुसरा ठेंगणा असला, तर जू कलते व एकाच मानेस जाच होतो. घामाने वा पावसाने कातडे मऊ पडले असता खडबडीत जू घासून सूज येते, आणि त्यावरच जुंपल्यास खांदा फुटतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण लोणी-हळदीने खांदे मळतो. वेदना कोठे आहे हे आपणांस पूर्वापार ठाऊक आहे. शहरवासीयांनी सांगावयास नको.

तरीही आमच्याच घरी उसाच्या हंगामात डाव्या बैलाचा खांदा सुजला. खेपा चारच उरल्या होत्या. हळद-तेल लावून त्यास जुंपला. दुसऱ्या खेपेस जू उचलताच तो मान फिरवू लागला. गडी म्हणाला, "अण्णा, ह्यो नको म्हनतोय." आम्ही त्यास गप्प बसविले. चौथ्या खेपेस खांदा फुटला, आणि बैल दीड महिना दावणीस राहिला. तेवढ्या काळात भाड्याच्या जोडीस दिलेले पैसे त्या चार खेपांच्या कितीतरी पट झाले. परंतु हिशेबाची वही मिटली तरी त्याची ती फिरविलेली मान डोळ्यांपुढून जात नाही.