छातीतली जळजळ : प्रत्येक वेळी पित्तच नसते

'डॉक्टरसाहेब, पित्त झालंय, एक सुई मारा,' असे म्हणत जिंतूर तालुक्यातील एक शेतकरी मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे आले. सकाळपासून दोनदा सोडा पिऊनही आराम नव्हता. अंगाला दरदरून घाम सुटला होता, डावा हात दुखत होता. ईसीजी काढला तर हृदयविकाराचा झटका! वेळेवर उपचार मिळाले म्हणून ते वाचले. तेव्हापासून 'पित्त' म्हटले की मी दोन प्रश्न जास्तच विचारतो.

जळजळ का होते?

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक कडे असते. घास खाली गेला की ते मिटते. हे कडे सैल पडले की जठरातील आम्ल वर चढते. जठराचे अस्तर आम्ल सोसते, अन्ननलिकेला ते सोसत नाही. म्हणून छातीच्या मधोमध आग होते, आंबट पाणी घशाशी येते. जेवणानंतर, वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर त्रास वाढतो.

आपल्याकडे दिवसभर चहा-तंबाखूवर काढायचा, रात्री उशिरा ठेचा-भाकरी पोटभर खायची आणि लगेच अंग टाकायचे, अशी सवय असते. जळजळीला हेच निमित्त पुरते.

काय करावे?

झोपण्यापूर्वी दोन-तीन तास आधी जेवा. दोन घास कमी खा. तंबाखू सोडा. वाढलेले वजन उतरवा. बाजेच्या उशाकडील पायांखाली दोन-दोन विटा ठेवा, डाव्या कुशीवर झोपा. कोणत्या पदार्थाने त्रास होतो ते स्वतः पाहून तेवढाच टाळा. सोड्याने आराम पडतो, पण तो तात्पुरता. त्यात मीठासारखाच सोडियम असल्याने रक्तदाब असलेल्यांनी तो घेऊ नये. ओमेप्राझोलसारखी गोळी जेवणापूर्वी अर्धा तास घ्यायची असते. मात्र सल्ल्याशिवाय महिनोन्महिने घेऊ नका. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांनी जठराला जखमा होतात.

केव्हा थांबू नये?

घास अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास होणे, यांपैकी काही असेल तर दुर्बिणीने तपासणी लागते. छातीत दडपण, घाम, धाप, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, चालताना वाढणारे दुखणे, असे असेल तर सोडा बाजूला ठेवा आणि तातडीने दवाखाना गाठा. तिथे सुई मागण्याआधी ईसीजी काढायला सांगा.